पायाखाली पाय

माझ्या विमलआत्याला नवा माणूस भेटला की ती त्याचं नाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही, काय काम करता हेही विचारत नाही. चष्मा नाकावर खाली ओढते, काचेवरून त्याच्याकडे बघते आणि विचारते, "तुमच्या गावचं पाणी कुठं जाते?"

समोरचा गोंधळतो. कुणी म्हणतं, नळाला येतं एक दिवसाआड. कुणी म्हणतं, गटारीत जातं. नव्याने बदलून आलेल्या एका तलाठ्याला तर ही बाई तक्रार घेऊन आली आहे असं वाटलं, आणि त्याने तिला अर्ज लिहून आणायला सांगितलं. मग आत्या समजावून सांगते. तुमच्या अंगणात पाऊस पडला, तो नाल्यात गेला, नाला नदीत गेला. ती नदी शेवटी कोणत्या समुद्रात जाते?

आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अलीकडे पडलेला थेंब पेढी नदीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीबरोबर पश्चिमेच्या समुद्रात जातो. टेकड्यांच्या पलीकडे, तिवशाच्या अंगाला पडलेला थेंब वर्धा नदी धरतो आणि गोदावरीच्या संगतीने पार पूर्वेच्या समुद्राला लागतो. थेंब एकाच ढगातले. "सख्खे भाऊ," आत्या म्हणते, "अन् जन्मात पुन्हा भेट नाई."

त्यामुळे तिच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार. पूर्णेवाले आणि वर्धेवाले. आमच्या घरात लग्न जमवताना भटजींनी गोत्र विचारलं की आत्या मध्येच म्हणणार, "गोत्र राहू द्या, नदी सांगा." एकाच नदीचे दोघं म्हणजे तिच्या मते सगोत्र. पत्रिका जुळूनही तिने नाक मुरडलेली दोन लग्नं आमच्याकडे आहेत. दोन्ही संसार उत्तम चालले आहेत. त्याबद्दल विचारलं तर म्हणते, "चालले आहेत. पण पाहा ना, पोट्टे कसे एकसारखे दिसून राहिले."

एकदा तिला चक्कर आली म्हणून मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि बाईंनी बोलू नये असं सांगितलं. हवा सुटेपर्यंत आत्या गप्प राहिली. सुटल्याबरोबर विचारलं, "तुमी कुठचे?" डॉक्टर म्हणाले, लातूरचा. "मांजरा," आत्या समाधानाने म्हणाली. "गोदावरी. बरं हाय." गोळ्यांची नावं मला लिहून घ्यावी लागली, कारण तिचा पुढचा प्रश्न लातूरच्या मातीबद्दल होता.

विमलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर अकोल्यातच तीन खोल्यांच्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे आपण समजतो तशी नाही. आठवड्यातून तीन दिवस ती घराबाहेरच असते. उंचीने लहान, पाठ ताठ, हातात पुरुषी काळी छत्री. छत्री उन्हासाठी नाही. तिच्या टोकाने ती जगाला जग दाखवते.

तिचं पालुपद एकच. "पायाखाली पाय!"

वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे पाहा. आपण कुठे उभे आहोत ते पाहा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडच्या माणसाला तो लगेच कळतो. बाहेरच्याला कळत नाही, त्याची गंमत पुढे येईलच.

माझ्या आईने एकदा घर आवरताना जुना पाटा-वरवंटा भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवला. आमच्याकडे मिक्सर येऊन जमाना झाला होता. नेमकी त्या दिवशी आत्या अकोल्याहून आली. तिने दारातला पाटा पाहिला आणि चपला न काढता आत आली. "वहिनी, हे काय करून राहिली तू? साडेसहा कोटी वर्षांचं म्हातारं घराबाहेर काढून राहिली?" आईला आधी कोण म्हातारं ते कळलंच नाही. मग आत्याने लाव्ह्यापासून सुरुवात केली. ही सगळी जमीन एकेकाळी कशी पेटली होती, थरावर थर कसे निवत गेले, त्या थरांचा हा काळा दगड, त्या दगडाची झिजून झिजून झालेली ही काळी माती, त्या मातीतला कापूस, त्या कापसाची तुझ्या अंगावरची साडी. पोळ्या तव्यावर करपल्या. पाटा अजून आमच्या मागच्या ओट्यावर आहे. त्यावर कुणी काही वाटत नाही, पण आई त्याला कधी ठोकर लागू देत नाही.

उन्हाळ्यात आत्याचा अभिमान तर बघवत नाही. इतर गावची माणसं ऊन वाढलं की वैतागतात. टीव्हीवर देशातलं सर्वांत जास्त तापमान अकोल्यात असं सांगितलं की आत्याचा आम्हाला फोन येतो. आवाजात मुलगा बोर्डात पहिला आल्याचा आनंद. "पायलं का? चंद्रपूरले मागं टाकलं." मी म्हणतो, आत्या, कूलर तरी चालू आहे ना? ती म्हणते, "ते जाऊ दे. निवेदिका विदर्भ म्हणून राहिली. तिले सांगा कोणी, वऱ्हाड म्हनाव."

आणि बाळापूरची गोष्ट तर सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. माझ्या चुलतभावाच्या लग्नाचं वऱ्हाड अकोल्याहून खामगावकडे निघालं होतं. नवरदेव पुढच्या गाडीत, वऱ्हाडी मागच्या बसमध्ये, आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आत्या. बाळापूर आल्यावर ती ड्रायव्हरला काय म्हणाली ते कुणाला कळलं नाही, पण बस वळली आणि किल्ल्याखाली नदीकाठी जाऊन उभी राहिली. भरजरी साड्यांतल्या बायका, फेटे बांधलेले काका, बँडवाले, सगळ्यांना तिने खाली उतरवलं. मन आणि म्हैस या दोन नद्या कुठे मिळतात, किल्ला नेमका त्या बेचक्यात का बांधला, तिथली छत्री, म्हणजे दगडी खांबांचा मंडप, किती नाजूक आहे, सगळं दाखवलं. लग्नाचा मुहूर्त हुकला. नवरीच्या बापाने आत्याला जाब विचारला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मुहूर्त दुसरा निघते. अशी छत्री दुसरी निघत नाई." विशेष म्हणजे बँडवाल्यांनी तिची बाजू घेतली.

आता माझ्या स्वतःच्या लग्नाकडे येतो.

मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. केतकी पुण्याची. आम्ही पुण्यात एका वर्गात होतो. तिचं काम असं, की लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू होतं, त्यामुळे लग्नानंतर अमरावतीत राहायला तिची हरकत नव्हती. हरकत होती तिच्या वडिलांची. म्हणजे स्पष्ट नाही म्हणत नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. "एकदा बघून तर येऊ," असं म्हणून सुहासराव आणि सुनीताताई लेकीला घेऊन मार्चमध्ये आमच्याकडे आले. माझ्या आईने आठ दिवस आधीपासून तयारी केली होती. पातोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, वर पुरणाची पोळी. बाबांनी आत्याला बोलावलं, कारण न बोलावणं शक्यच नव्हतं, पण फोनवर तिला तीनतीनदा बजावलं, "ताई, पाण्याचं विचारू नको."

आत्याने विचारलं नाही. तिने दारात त्यांना पाहिलं आणि परस्पर उत्तर देऊन टाकलं, "मुठा. भीमा. कृष्णा. या, बसा."

जेवण छान झालं. सुहासराव तिखटाने लाल झाले होते, पण प्रसन्न दिसत होते. हात धुता धुता ते म्हणाले, "जेवण उत्तम. माणसं त्याहून उत्तम. एक विचारतो, राग मानू नका. आमची मुलगी हिंडण्याफिरण्यातली आहे. आणि इथं बघण्यासारखं असं तर काही नाही ना?"

बाबांनी आत्याकडे पाहून हात जोडले. आईने पदर तोंडाला लावला. आत्या पोळीवर तूप घेत होती. तिने तुपाची वाटी हळूच खाली ठेवली आणि मला म्हणाली, "इरफानले फोन लाव. उद्या उजेडाच्या आधी गाडी पाह्यजे."

इरफानभाई म्हणजे आत्याचा नेहमीचा जीपवाला. त्याला तिची सगळी भाषणं तोंडपाठ आहेत. ती कुठे थांबणार हे त्याला आधीच माहीत असतं आणि ती एखादा मुद्दा विसरली तर तो स्टिअरिंगवरून आठवण करून देतो, "मॅडम, वो मीठवाला रह गया."

पहाटे आम्ही निघालो. पुढे इरफानभाईजवळ सुहासराव, मध्ये आत्या, सुनीताताई आणि केतकी, मागे मी आणि पाण्याचे कॅन. वलगाव मागे पडलं, सूर्य वर आला, आणि आत्याने पहिल्यांदा गाडी थांबवली. कापूस निघून गेलेलं मोकळं शेत. जमीन भेगाळलेली. आत्याने मिटलेली छत्री एका भेगेत सोडली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

"पायाखाली पाय!" आत्या गरजली.

सुनीताताईंनी दचकून आधी उजवा पाय उचलला, खाली बघितलं. मग डावा उचलला. "साप आहे का हो?" त्यांनी विचारलं. केतकी हसून हसून बांधावर बसली. मी अर्थ सांगितला, तेव्हा सुनीताताईही हसायला लागल्या, आणि दिवसभर प्रत्येक ठिकाणी उतरल्यावर स्वतःच म्हणू लागल्या, "पायाखाली पाय, बरं का!" आत्याचं 'मी सांगतो, मी दाखवतो' ऐकूनही त्या पहिल्यांदा चमकल्या होत्या. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. दुपारपर्यंत सुनीताताई स्वतःच म्हणाल्या, "मी जरा पाणी पितो."

"ही माती स्वतःच स्वतःले नांगरते," आत्या सांगत होती. "उन्हाळ्यात फाटते, वरची माती भेगेत खाली जाते, पावसात फुगते अन् खालची वर येते. जगात किती मातीले येते हे?"

सुहासराव गाडीतून उतरले नव्हते.

दर्यापूरच्या अलीकडे पूर्णेचा पूल ओलांडला आणि आम्ही खारपाणपट्ट्यात शिरलो. इथे जमिनीखालचं पाणी खारट. जुन्या काळी याच विहिरींच्या पाण्यापासून लोक मीठ काढायचे. आत्याने एका ओळखीच्या घरी गाडी थांबवली, विहिरीचं पाणी काढवलं आणि पेला सुहासरावांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला आणि चेहरा असा केला की घरधनीण घाईने गुळाचा खडा घेऊन आली.

"हे पाणी लोक पितात?"

"आता नळाचं येते. आधी हेच होतं," आत्या म्हणाली. "याच्यात डाळ शिजत नाई. इथल्या बायका डाळीपुरतं तळ्याचं पाणी आणत, लांबून. अन् तरी गाव सोडून गेल्या नाईत. बघण्यासारखं म्हणता, तर हे पाहा."

त्या घरच्या बाईने भाजलेला हरभरा समोर ठेवला. तो सुहासरावांनी खाल्ला, अजून मागून घेतला, पण गाडीत बसल्यावर त्यांच्यातला पुणेकर जागा झाला. "बाई, तुम्ही छान सांगता. पण आमच्याकडे सिंहगड आहे, राजगड आहे. डोंगर म्हणजे डोंगर."

"तो दगडबी आमच्याच लाव्ह्याचा हाय."

"तुमचा कसा? सगळा एकच लाव्हा आहे."

"हाव, तेच मी म्हणून राहिलो. एकच हाय. मंग तिथं पाहण्यासारखं अन् इथं नाई, हे कसं?"

सुहासरावांनी खिडकीची काच वर केली. अकोटपर्यंत आत्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. इरफानभाईने एकदा "मॅडम, वो पान के मळे..." म्हणून पाहिलं, पण आत्याने मान हलवली. मागे बसून मला माझं लग्न पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्यात विरघळताना दिसत होतं.

अकोटच्या पुढे सपाटी संपते आणि एकाएकी सातपुडा समोर उभा राहतो. शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही नरनाळ्याच्या घाटाला लागलो. सागाची पानं गळलेली, आणि त्या करड्या रानात पळस पेटलेला. वर महाकाली दरवाजापाशी आत्या उतरली. तो दरवाजा पाहून केतकी नुसती बघतच राहिली. दगडात कोरलेली कमळं, जाळ्या, अक्षरं, जशी लाकडात कोरावी तशी. आत्या इथे आवाज चढवत नाही. हळू बोलते. गोंड राजे, बहामनी, इमादशाही, मोगल, मराठे. "किती आले अन् किती गेले. कोणी भिंत बांधली, कोणी दुरुस्त केली. प्याले सगळे इथलंच पाणी."

तिचं बोलणं झालं आणि आमच्या लक्षात आलं, की सुहासराव नाहीत.

आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. सुनीताताई घाबरल्या, कारण खाली नाक्यावर अस्वलाचा फलक होता. शेवटी इरफानभाईला ते सापडले. एका तलावाच्या काठाखाली, गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी पाचोळा उपसत होते. पांढऱ्या पँटीचा रंग गेलेला. टोपी बाजूला पडलेली.

"या, या, लवकर या!" आम्हाला पाहून ते ओरडले. पुण्याहून आल्यापासून त्यांचा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "ही बघा मोरी. या तलावाची पातळी इथपर्यंत आली की जास्तीचं पाणी इथून निघतं. आणि हा पाट बघा, कसा उतार दिलाय! हा खालच्या तलावात जात असणार. म्हणजे पावसाचा एक थेंब गडावरून वाया जाऊ द्यायचा नाही. लोखंड नाही, सिमेंट नाही, आणि कसली पातळी धरलीय हो!"

आत्या छत्रीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. मी तिच्याकडेच बघत होतो, कारण आत्याला तिच्याच गडावर दुसऱ्याने काही सांगितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ती पुढे झाली, वाकली, मोरीत हात घालून पाहिला.

"मी इथं दरवर्षी पोरी घेऊन येत होती," ती म्हणाली. "तलाव दाखवले, दरवाजे दाखवले. ही मोरी मले दिसलीच नाई." मग तिने सुहासरावांकडे पाहिलं. "पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून."

सुहासरावांनी पुन्हा सांगितलं. मग आत्याने इरफानभाईला बोलावून त्यालाही सांगायला लावलं, कारण पुढच्या खेपेला ती विसरली तर त्याला आठवायला हवं. त्यानंतर सुहासराव कुणाचे राहिलेच नाहीत. हा पाट कुठे जातो ते शोधत ते, मी आणि इरफानभाई करवंदीच्या जाळ्यांतून फिरत राहिलो. सुनीताताई सावलीत बसून संत्री सोलत होत्या. आत्या आणि केतकी दरवाजाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या काय बोलत होत्या ते मला लांबून ऐकू येत नव्हतं. आत्याचे हात हलत नव्हते, एवढंच दिसत होतं, आणि ते मला जरा विचित्र वाटलं.

परतीच्या वाटेवर सुहासराव मधल्या सीटवर आत्याजवळ बसले आणि दोघं अमरावतीपर्यंत धरणांवरून भांडत आली. घरी पोहोचल्यावर त्यांनी बाबांचा हात धरला. "आमच्याकडून होकार आहे. केतकीचं तर आधीच ठरलेलं दिसतंय." आईने पेढे आणले. पहिला पेढा आत्याला द्यायचा म्हणून मी शोधायला गेलो, तर आत्या फाटकाबाहेर रिक्षाला हात करत होती. अकोल्याला घरी मुगाचे वडे वाळत टाकलेत, ते कोण उचलेल, म्हणाली. मी पेढा तिच्या तोंडात घातला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

लग्न पुण्यात झालं. केतकीच्या सगळ्या मावश्या-काकांना सुहासरावांनी आधीच पढवून ठेवलं होतं. आत्या समोर आली की एकेक जण पुढे होऊन म्हणायचा, "मुठा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर!" आत्या प्रत्येकाला मान डोलावून पुढे सोडत होती.

केतकी अमरावतीत रमली. दर रविवारी कुठेतरी निघते. पहिला उन्हाळा तिने कूलरसमोर बसून काढला, दुसऱ्या उन्हाळ्यात आत्याबरोबर फोनवर तापमानाची चर्चा करायला लागली. अशाच एका संध्याकाळी गच्चीवर पापड गोळा करताना मी तिला म्हणालो, "नरनाळ्यावर आत्या तुला पायरीवर बसून एवढा वेळ काय सांगत होती?"

केतकीने हातातले पापड परातीत ठेवले. मग म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं, की नाही म्हटलं तरी चालेल."

मला समजलं नाही.

"तिने विचारलं, तुले इथं खरंच राहाचं हाय का? नसन तर सांग, मी त्याच्या मायबापाले समजावतो. तो पुण्यात राहीन. मी म्हटलं, आत्या, तुम्ही तर सकाळपासून सांगताय वऱ्हाड किती चांगलं आहे. तर म्हणाली, ते तुझ्या बापासाठी होतं. त्यानं विचारलं म्हणून सांगितलं. तुले वेगळं सांगतो."

आणि मग आत्याने तिला जे सांगितलं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

कॉलेज संपल्यावर आत्या पुण्याला पुढे शिकायला जाणार होती. प्रवेश मिळाला होता. ट्रंक भरून तयार होती. त्याच महिन्यात माझी आजी वारली. बाबा तेव्हा चौथीत. आजोबा दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बाबा शाळेतून आले की दप्तर टाकण्याआधी दारात बघायचे, ताईची चप्पल आहे की नाही. चप्पल दिसली की मगच आत यायचे. आत्याने ते काही दिवस पाहिलं, आणि ट्रंक रिकामी केली.

"मी मातीच्या प्रेमानं नाई राहिली इथं," ती केतकीला म्हणाली होती. "राहा लागलं. पयले दोन-तीन वर्षं गावाचा राग राग होये. हा उनाळा, ही धूळ, हे सपाट माळ. संगतीच्या पोरी पुण्याहून पत्रं पाठवत, ती वाचवत नसत. मंग एक दिवस वाटलं, याच्यासंगच जन्म काढाचा हाय तर हा हाय तरी कोण, ते तरी विचारावं. म्हणून पाहाले लागली. पाहता पाहता पसंत पडलं. पण मले कोणी विचारलं नव्हतं, बाई. तुले विचारून राहिलो. नीट पाहून घे, मंग सांग."

"आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून," केतकी म्हणाली.

वचन तिने दिलं होतं, मी नाही. मी त्याच आठवड्यात बाबांना सांगितलं. ते अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. ऐकताना पाणी घालायचे थांबले नाहीत. एकाच कुंडीत घालत राहिले, ती भरून वाहू लागली तरी.

"मले वाटे, तिले पुण्याले जाचंच नव्हतं," ते म्हणाले. "सगळे तेच म्हणत. विमलले आपलं गाव सोडवत नाई." मग म्हणाले, "त्या ट्रंकेत तिनं नंतर माझे स्वेटर ठेवले होते."

त्या रविवारी सकाळी बाबा नाश्त्याच्या आधीच कपडे करून बसले. "अकोल्याले चल," म्हणाले.

आत्याने दार उघडलं आणि आम्हाला न सांगता आलेलं पाहून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं," बाबा म्हणाले. "तू साऱ्या जगाले फिरवते. मले कधी नेलं नाई."

"तू आला कधी?" आत्या म्हणाली. आणि ते खरं होतं. तिच्या एकाही सहलीला बाबा कधी गेले नव्हते. आधी परीक्षा असायची, मग ऑफिस, मग गुडघे.

"आता आलो ना," बाबा म्हणाले.

आत्या चौकटीला धरून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगितलं असेल ते तिला बहुतेक कळलं, पण ती मला काही बोलली नाही. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा इस्त्रीची साडी नेसली होती, तोंड धुतलेलं होतं.

"लय हाय रे भाऊ," ती म्हणाली. "कुठून सुरू करू?"

"तू म्हणशील तिथून."

ती पुढच्या सीटवर बसणार होती, पण बाबांनी मागचं दार उघडून धरलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली. गल्ली गेली, बाजार गेला, तरी आत्या गप्पच. आम्ही पुलावर आलो. खाली मोर्णेचं थोडंसं पाणी आणि काठावर जलपर्णी. याच नदीत बाबा पोहायला शिकले होते. शिकवताना काठावर टॉवेल घेऊन आत्या उभी असायची, हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

बाबांनी काच खाली केली आणि बोट दाखवून विचारलं, "ताई, ही कोणती नदी हाय?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली नदीकडे पाहिलं.

"ही?" ती म्हणाली. "ही मोर्णा." आणि जरा सरकून, नीट सावरून बसून, ती सांगू लागली.